त्याने बंद खोलीत सांगितलेलं अहवालात लिहायचं का?

पत्र

मी पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. कोर्टाच्या आदेशाने उपचार घेणारा 24 वर्षांचा एक मुलगा पाच महिन्यांपासून माझ्याकडे येतो. गर्द (हेरॉइन) ओढायचा. आता गर्दाची तलफ आवरणाऱ्या, जिभेखाली ठेवायच्या बुप्रेनॉर्फिनच्या गोळीवर आहे आणि गर्द बंद आहे. प्रोबेशन ऑफिसर (कोर्टाच्या वतीने देखरेख ठेवणारे अधिकारी) आठवड्यातून तीनदा फोन करून ‘निगेटिव्हच आहे ना?’ असं विचारतात. गोळी म्हणजे दुसरं व्यसनच, असं त्यांचं मत. त्याच्या वकिलांनी घरच्यांना सांगितलंय, की तारखेआधी गोळी बंद करा, रिपोर्ट स्वच्छ दिसेल. डॉक्टर म्हणतात, मी पेशंट बघू की कोर्ट? त्यात गेल्या आठवड्यात तो मला म्हणाला, ‘ताई, एकदा एमडी घेतली. कुणाला सांगू नका.’ (एमडी म्हणजे मेफेड्रॉन, हेही अमली द्रव्यच.) त्यानंतर कार्डावर, म्हणजे झटपट चाचणीच्या पट्टीवर, केलेली लघवीची तपासणी निगेटिव्ह आली. तारीख 19 दिवसांवर आहे. अहवालावर सही डॉक्टरांची आणि माझी. काय लिहू?

— एक समुपदेशक, पुणे

उत्तर

ताई, आधी गोळीचं बघा. बाकी सगळं 19 दिवसांत मार्गी लागेल, पण घरच्यांनी गोळी बंद केली असेल किंवा करायच्या विचारात असतील, तर ते आजच थांबवायला हवं. बुप्रेनॉर्फिन एकदम सोडली की दोन-तीन दिवसांत टर्की लागते. अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, झोप उडते. त्या हालात तो पुन्हा अड्ड्यावर गेला, तर ओढणार जुन्याच मापाने. पाच महिन्यांत शरीराची ती सवय मात्र उतरलेली आहे. माणूस श्वास मंदावून दगावतो तो अशाच वेळी, बऱ्या होत चाललेल्या दिवसांत. घरच्यांना हे तोंडावर, स्पष्ट सांगा. तो हलवून जागा होत नसेल, ओठ निळसर पडत असतील, घोरल्यासारखा अडखळता श्वास चालला असेल, तर झोपलाय म्हणून सोडायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा.

वकिलांशी वाद घालू नका. ‘क्लीन’ म्हणजे शरीरात काहीही नको, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असणार. प्रोबेशन ऑफिसरांचंही तेच. तुमच्या तोंडी समजावण्यापेक्षा डॉक्टरांच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र इथे जास्त काम करेल. त्यात औषधाचं नाव, मात्रा, कधीपासून चालू, कोण देतं, मध्येच बंद केलं तर काय धोका आणि मात्रेचा फेरविचार कधी, एवढंच असावं. शेवटी एक ओळ हवी: हे औषध लिहून दिलेला उपचार आहे आणि ते चालू असणं म्हणजे उपचार पाळणं. ‘मी पेशंट बघू की कोर्ट’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना एवढंच सांगा की हे पत्र पेशंटसाठीच आहे. नाहीतर त्यांनी सुरू केलेली गोळी कोर्टाच्या धास्तीने दुसरंच कुणीतरी बंद करणार आहे. पत्र द्यायला त्या मुलाची संमती लागेल. तो ती आनंदाने देईल.

आता त्याच्या कबुलीकडे. आमचं उत्तर दोन बाजूंचं आहे आणि दोन्ही एकदम पाळायच्या आहेत. समुपदेशनाच्या खोलीत त्याने सांगितलेलं तुम्ही परस्पर अहवालात घालायचं नाही. आणि तुम्हाला माहीत असताना ‘पूर्णपणे व्यसनमुक्त’ असंही लिहायचं नाही.

पहिल्या बाजूला कायद्याचा आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या अवस्था येतात. त्याच कायद्याचं कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. अपवाद आहेत: दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, जिवावरचा प्रसंग, सार्वजनिक सुरक्षितता, सक्षम यंत्रणेचा आदेश. प्रोबेशन ऑफिसरांचा फोन या अपवादांत बसत नाही. कोर्टाचा लेखी आदेश आला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा खोटं बोलायचं नाही. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं जसं कवच असतं, तसं तुम्हाला नाही, हे मनात पक्कं असू द्या. तुमच्या नोंदी मागवल्या जाऊ शकतात. म्हणून केस पेपरवर उपचाराला लागेल तेवढंच लिहा. माल कुणाकडून घेतला, कुठल्या गल्लीत, सोबत कोण होतं, असं तो सांगू लागला, तर थांबवा: ‘ते नाव मला नको. तू घेतलीस तेव्हा मनात काय चाललं होतं, ते सांग.’ हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेलं बरं.

केंद्राच्या आत मात्र ही गोष्ट डॉक्टरांना कळायला हवी. एमडी म्हणजे मेफेड्रॉन उत्तेजक आहे. छाती धडधडणं, झोप जाणं, संशय वाढणं हे सगळं त्याने होतं आणि डॉक्टर गोळ्यांची मात्रा ठरवत असताना ते अंधारात असणं धोक्याचं. त्याला आधी सांगा: ‘हे मी डॉक्टरांना सांगणार, कारण ते तुझ्या उपचाराचा भाग आहे. केंद्राबाहेर तुझ्या सहीशिवाय जाणार नाही.’ मग तसंच वागा. तो स्वतः सांगायला तयार झाला, तर उत्तमच.

कोर्टापुढेही त्याने स्वतःहून सांगावं का? हा प्रश्न वकिलांचा आहे, तुमचा नाही. बंधपत्राची अट मोडली असा अर्थ निघू शकतो, तेव्हा निर्णय वकिलांचा सल्ला घेऊनच व्हावा. त्याला वकिलांशी एकट्याने, घरच्यांशिवाय, बोलायला लावा.

यानंतर कोर्टाच्या आदेशाची प्रत मागवून घ्या आणि शांतपणे वाचा. पाच महिने एका माणसावर काम करणाऱ्या चौघांपैकी एकानेही आदेश वाचलेला नसतो, असं सर्रास घडतं. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, 1985 मधल्या दोन वाटा लोक हमखास एक समजतात. कलम 39 मध्ये सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल (हेरॉइनसाठी 5 ग्रॅम, मेफेड्रॉनसाठी 2 ग्रॅम) दोषी ठरल्यावर कोर्ट लगेच शिक्षा न सुनावता, त्या माणसाच्या संमतीने, त्याला बंधपत्रावर उपचारासाठी सोडतं. उपचाराच्या परिणामाचा अहवाल जास्तीत जास्त एक वर्षात कोर्टापुढे यायचा असतो. तो पटला, तर पुढे जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर, समज देऊन सोडता येतं. कलम 64 अ मध्ये आरोपी स्वतःहून उपचार घेतो आणि त्याला खटल्यातूनच संरक्षण मिळतं, पण उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. तिसरा प्रकार जामिनाच्या अटीचा. तिथे जे काही आहे ते आदेशातच लिहिलेलं असतं. तुमच्या पत्रात प्रोबेशन ऑफिसर आहेत, म्हणजे बहुधा शिक्षेऐवजी देखरेख असं काहीतरी असावं, पण अंदाजावर अहवाल लिहू नका.

आदेश हातात आला की आणखी एक गोष्ट तपासा. कलम 39 ला संस्था सरकारने चालवलेली किंवा मान्यता दिलेली लागते. मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी आणि ही मान्यता या दोन निराळ्या गोष्टी. तुमच्या केंद्राची कागदपत्रं नीट नसतील, तर पाच महिन्यांचा प्रामाणिक उपचार एका वाक्यात हरकतीचा मुद्दा होतो. संचालकांकडून मान्यतेची प्रत मागून फाइलला लावा.

आणि संमतीचं एक. कोर्टाने पाठवलंय म्हणून गेटला कुलूप लावता येत नाही. स्वतःच्या सहीने दाखल झालेला रुग्ण जायचं म्हणाला, तर तपासणीसाठी फार तर 24 तास थांबवता येतं. त्यापुढे ठेवायचं, तर कायद्यातली निराळी प्रक्रिया आहे. त्याला परिणाम समजावून सांगा, तो काय म्हणाला ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी कोर्टाला कळवा.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमच्याकडे सगळे आपापल्या परीने झटतायत, पण कुणाला काय कळायला हवं हे सुरुवातीला ठरलेलंच नाही. म्हणून प्रत्येकजण जे मिळेल ते ओढून घेतो. अमेरिकेत 1989 साली मायामीत अशा खटल्यांसाठी वेगळं कोर्ट सुरू झालं. त्या धर्तीच्या कोर्टांत सुनावणीआधी न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील, प्रोबेशन आणि उपचार करणारे एकत्र बसून प्रत्येक फाइल बघतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, म्हणजे ही बैठक बोलावणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. ते तुम्हाला करावं लागेल, ताई. न्यायाचं नाही, पण असंच आहे.

या आठवड्यातच अर्ध्या तासाची वेळ मागा. प्रोबेशन ऑफिसर, वकील, डॉक्टर आणि तुम्ही. शेवटची दहा मिनिटं तो मुलगा आणि घरचं एक माणूस. ‘आम्ही केंद्रात कशाला येऊ’ असा सूर लागला, तर शिवाजीनगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र द्या. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची 2015 ची एक योजना खास अमली पदार्थांच्या बळींना कायदेशीर मदत देण्यासाठीच आहे. त्यांनी बोलावलं की कुणाला कमीपणा वाटत नाही.

त्या बैठकीतून फक्त एक पान बाहेर यायला हवं. साध्या मराठीत, त्याला वाचून दाखवून, त्याच्या सहीने. केंद्राबाहेर काय जाईल: किती भेटी ठरल्या आणि कितींना आला, तपासणीची तारीख, पद्धत आणि निकाल, चालू औषधं, उपचाराचा टप्पा, पुढची योजना. काय जाणार नाही: समुपदेशनातलं बोलणं, घरातल्या भानगडी, जुन्या गोष्टी. कुणाला जाईल, कसं जाईल (लेखी, महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला) आणि संमती कधीपर्यंत. ती तो मागे घेऊ शकतो, पण मग ते कोर्टाला कळवावं लागेल, हेही त्याच पानावर लिहा. प्रोबेशन ऑफिसरांना आठवड्याला तीन फोन करावे लागतात, कारण त्यांना दुसरीकडून काहीच कळत नाही. दर महिन्याच्या 5 तारखेला जावक क्रमांकासह पत्र गेलं आणि त्याची पोच तुमच्या फाइलला लागली, की फोन आपोआप कमी होतील.

व्हॉट्सॲप ग्रुप काढला असेल, तर तो बंद करा. आई, काका, वकील, पीओ (प्रोबेशन ऑफिसर), समुपदेशक एका ग्रुपात आणि त्यात तपासणीच्या कार्डाचा फोटो, हे दिसायला सोयीचं आहे. तोच फोटो फिरत सोसायटीत पोचला, की मुलगा भेटीला यायचं बंद करतो. मोबाइलवर फक्त भेटीची वेळ जावी. पोलिस ठाण्यातून कुणी येऊन ‘याचा रिपोर्ट द्या’ म्हणाले, तर नम्रपणे लेखी मागणी घ्या आणि कोर्टामार्फत देऊ म्हणून सांगा.

तपासणीवर जरा जास्त बोलावं लागेल, कारण चौघांचा एकमेकांवरचा विश्वास इथेच तुटतो. कार्ड ही फक्त चाळणी आहे. नेहमीची बहुपट्टीची कार्डं मेफेड्रॉन भरवशाने दाखवत नाहीत. 2024 च्या फेब्रुवारीत विश्रांतवाडी आणि कुरकुंभला पोलिसांनी एमडीचे साठे पकडले तेव्हापासून तिचं नाव पुण्यात घरोघरी माहीत झालं, आणि आपली तपासणी मात्र अजून गर्द-गांजाच्या काळातली. म्हणजे तुमचं निगेटिव्ह कार्ड खोटं नाही, पण त्याने एमडीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. एमडी शोधायची, तर नमुना प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी पाठवावा लागतो, आणि अमुक पदार्थ शोधा असं नाव घालून. अफूवर्गाची (गर्द ओळखणारी) पट्टी बुप्रेनॉर्फिन दाखवत नाही. त्याची पट्टी वेगळी येते आणि ती पॉझिटिव्ह आली तर आनंद माना, तो गोळी घेतोय. गर्द दोन-तीन दिवसांत लघवीतून जातं. रोज गांजा ओढणाऱ्याची लघवी सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून त्यावरून ‘पुन्हा ओढला’ असं म्हणता येत नाही. कोडीनचं खोकल्याचं औषध अफूवर्गाची पट्टी पॉझिटिव्ह करतं. 300 नॅनोग्रॅमलाच पॉझिटिव्ह दाखवणाऱ्या कार्डावर खसखसही करू शकते, तेव्हा दिवाळीत खसखशीत थापलेले अनारसे भरपूर खाल्लेल्या मुलाला कार्डाच्या एका रेघेवरून खोटारडा ठरवू नका. शंका असेल, तर पक्की चाचणी.

नमुन्यात फसवणूकही होते. ताज्या लघवीचं तापमान चार मिनिटांच्या आत 32 ते 38 अंश सेल्सियस असावं. खिशातल्या बाटलीतून आणलेली बहुतेक वेळा थंड निघते. पाण्यासारखी दिसली, तर क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा एक घटक) बघा. 20 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल, तर नमुना पातळ आहे, निकाल धरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. आणि तपासणी एकाच ठिकाणी होऊ द्या. केंद्रात एक कार्ड, पीओंच्या टेबलावर दुसरं, घरच्यांनी मेडिकलमधून आणलेलं तिसरं, असं झालं की तीन निकाल येतात आणि तिघेही भांडतात.

पुढची घसरण झाली तर काय करायचं, हे ती होण्याआधीच ठरवा. घसरण झाल्यावर सगळे घाबरलेले असतात. तेव्हा वकील लपवायला बघतात, पीओ थेट कोर्टात कळवायला आणि घरचे कोंडून ठेवायला. चौघांनी मान्य करावं असं आम्ही सुचवू. एकदा घेतली आणि स्वतः सांगितलं, तर 48 तासांत डॉक्टरांची भेट आणि महिनाभर आठवड्याला दोनदा समुपदेशन. पुन्हा झालं, तर दाखल करण्याचा विचार, मात्रेचा फेरविचार. न कळवता भेट चुकली, तर त्याच दिवशी फोन, तीन दिवसांत समाजसेविकेची घरभेट आणि तरी पत्ता नसेल तर चौथ्या दिवशी प्रोबेशन ऑफिसरांना लेखी. उपाय छोटा आणि लगेच असला की तो लागू पडतो. सहा महिन्यांनी कोसळणारी मोठी शिक्षा त्या मुलाच्या डोक्यात मागच्या चुकीशी जोडलीच जात नाही. चांगलं चाललं असेल, तर तेही दिसू द्या: तीन महिने नियमित आला, तर आठवड्याची भेट पंधरवड्यावर न्या आणि ते पीओंनी त्याला स्वतः सांगावं. देखरेख करणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेलं ‘बरं चाललंय तुझं’ त्याला घरच्यांच्या शंभर वेळा म्हणण्यापेक्षा लक्षात राहतं.

गैरहजेरीकडे बघताना खाड्याचा हिशेब करा. भोसरी-चाकणला कंत्राटी कामावर असलेला मुलगा सोमवारी पीओंकडे, बुधवारी ओपीडीत, शुक्रवारी तुमच्याकडे यायचा म्हणजे आठवड्याला तीन खाडे. चौथ्या आठवड्यात मुकादम त्याला घरी बसवतो. ‘उपचारात रस नाही’ असा शेरा पडतो तो यातूनच. तिन्ही गोष्टी एका दिवशी आणा. हे तीन फोनांचं काम आहे आणि बैठकीतला सगळ्यात उपयोगी निर्णय कदाचित हाच ठरेल.

आता अहवाल. ‘पूर्ण बरा’, ‘सुधारणा समाधानकारक’, ‘सहकार्य नाही’ असे शब्द टाळा. मोजलेलं लिहा. साधारण असं:

‘रुग्ण अमुक तारखेपासून या केंद्रात उपचार घेत आहे. ठरलेल्या 20 भेटींपैकी 17 ना हजर. तीन गैरहजेरींपैकी दोन आधी कळवलेल्या. बुप्रेनॉर्फिन डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू असून गोळी केंद्रात समोर दिली जाते. लघवीच्या आठ कार्ड चाचण्यांत अफूवर्गाचे पदार्थ आढळले नाहीत. या चाचण्यांतून मेफेड्रॉनसारखे काही पदार्थ कळत नाहीत. पुन्हा घसरण्याचा धोका अद्याप आहे आणि त्यासाठी समुपदेशनाचे प्रमाण वाढवले आहे. किमान पुढील सहा महिने औषध व भेटी चालू ठेवण्याची शिफारस.’

आकडे अर्थात तुमच्या रजिस्टरमधले घाला. यात एक शब्दही खोटा नाही आणि त्याने विश्वासाने सांगितलेलं काही बाहेर गेलं नाही. चाचणीची मर्यादा मात्र लिहाच. ती लपवली आणि सरकारी वकिलांनी विचारलं, तर तुमच्या सगळ्या अहवालांची किंमत जाते. त्याने नंतर स्वतःहून सांगायचं ठरवलं, तर त्याच्या सहीची संमती घेऊन एक वाक्य वाढवा: ‘रुग्णाने स्वतःहून एका सेवनाची माहिती दिली असून त्यानुसार उपचार बदलला आहे.’ अहवालाचा मसुदा तारखेच्या चार दिवस आधी त्याला वाचून दाखवा. पाठीमागे आपल्याबद्दल काय लिहिलं जातं, या भीतीने मुलं पळतात.

प्रोबेशन ऑफिसरांची बदली झाली, तर एकपानी करार आणि मागचे सगळे अहवाल नव्या अधिकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात नेऊन द्या आणि पोच घ्या. नाहीतर ‘निगेटिव्हच आहे ना?’ पासून पुन्हा सुरू होईल. आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलाला फोन करा. डॉक्टरांची चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेव, सकाळची गोळी नेहमीच्या वेळेला घेऊनच नीघ, आणि कोर्टातून बाहेर आलास की किती का वाजेनात, केंद्रात येऊन जा.